कानाचं मशीन अंगवळणी पडताना

भाचीकडे सत्यनारायण होता. फोनवर ती म्हणाली, ‘मावशी, आरती सात वाजता आहे, वेळेवर ये गं.’ आठला पाच कमी असताना मी बिबवेवाडीत तिच्या दारात पोचले, तेव्हा लोक प्रसाद खाऊन चपला घालत होते. मला ‘आठ’ ऐकू आलं होतं. तेहेतीस वर्षं मी बँकेत कॅश काउंटरला बसले, आकडा ऐकण्यात कधी चूक झाली नव्हती. त्या रात्री घरी येताना रिक्षात मी पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं की आपल्याला ऐकू कमी येतंय.

मशीन लावायला लागून आता चार वर्षं होत आली. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात कुणी नवं मशीन घेतलं की त्यांना माझ्या शेजारी आणून बसवतात आणि प्रश्न दर वेळी तेच असतात. म्हणून हे क्रमाने लिहिलं आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगते. मशीन आवाज कानापर्यंत पोचवतं. त्या आवाजाचा अर्थ लावायची सवय मेंदूला नव्याने लावावी लागते. ती रोज, घरातल्या घरात, साध्या आवाजांवर लागते. फक्त लग्नकार्याला जाताना मशीन कानात घातलं तर ते त्रासच देणार, आणि मग कपाटात जाणार.

‘ऐकू येतं, पण कळत नाही’

वय वाढतं तसे बहुतेकांचे आधी वरच्या पट्टीतले, बारीक आवाज जातात. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, त, थ, ख ही व्यंजनं म्हणजे नुसती हवा, वरच्या पट्टीतली आणि हलकी. ती गळतात. ‘सात’मधला ‘स’ गेला आणि ‘त’ पुसट झाला की उरतो ‘आ’, आणि बाकीचं मन आपल्या अंदाजाने भरून टाकतं. म्हणूनच समोरचा बोलतोय हे समजतं, काय बोलतोय ते समजत नाही, आणि आपण म्हणतो ‘हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात’. नातवंडांचा आणि सुनेचा आवाज मुलाच्या आवाजापेक्षा अवघड जातो, त्याचंही कारण हेच.

हे फक्त तुमच्या-माझ्याच वाट्याला आलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने साठीच्या पुढच्या दर चार माणसांत एकाहून जास्त जणांना रोजच्या जगण्यात अडचण यावी इतकं कमी ऐकू येतं. चाळिशीत चष्मा लावला तेव्हा आपण कुणाला तोंड लपवलं नाही. इथेही लपवू नये.

आधी डॉक्टर, मग मशीन

पहिली पायरी कान-नाक-घशाचे डॉक्टर. कधी कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढल्यावर निम्मी तक्रार जाते. घरी कापसाच्या काड्या घालून मळ काढू नका, तो आणखी आत ढकलला जातो. तेलही घालू नका. पडद्याला भोक असेल तर ते महागात पडतं.

काही लक्षणं असली तर मशीनचा विचार बाजूला ठेवून लगेच दाखवायचं: कान वाहणं, कानात दुखणं, गरगरणं, एकाच कानाला कमी ऐकू येणं किंवा एकाच कानात आवाज घुमत राहणं. आणि एका रात्रीत किंवा एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं तर ‘सर्दीमुळे असेल’ म्हणून चार दिवस थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. अशा वेळी औषध लवकर सुरू झालं तरच ऐकणं परत यायची शक्यता चांगली असते.

त्यानंतर ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या आणि मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञाकडे, तपासणी. बंद, आवाज न शिरणाऱ्या खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक ‘टुं’ ऐकू आला की बटण दाबायचं. त्याचा जो आलेख हातात येतो तो ऑडिओग्राम. तो वाचायला शिका, अवघड नाही. डावीकडून उजवीकडे खालच्या पट्टीकडून वरच्या पट्टीकडे, साधारण २५० ते ८००० हर्ट्झ. रेघ जितकी खाली, तितका आवाज मोठा करावा लागला. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. जुन्या, डॉक्टरांच्या तोंडी बसलेल्या मोजणीप्रमाणे २५ डेसिबलपर्यंत ठीक, २६ ते ४० सौम्य, ४१ ते ६० मध्यम, ६१ ते ८० तीव्र, त्यापुढे अतितीव्र. माझी रेघ डावीकडे ३० वर सुरू होऊन उजवीकडे घसरगुंडीसारखी ६५ पर्यंत उतरलेली होती. म्हातारपणच्या कानाचा हाच ठरलेला आकार. शब्द ऐकवून ते परत म्हणायला लावायची तपासणीही करून घ्या. मशीनने किती फरक पडेल याचा अंदाज तिच्यातून येतो.

पुण्यात यासाठी खाजगी दवाखाने भरपूर आहेत. खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी ससून रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, आणि भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजी आणि वाचा-उपचार शिकवणारं महाविद्यालय धनकवडीत आहे. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे ना, हे निःसंकोच विचारा.

घेताना काय बघायचं

इथे मी स्वतः फसले, म्हणून थोडं सविस्तर सांगते. पहिलं मशीन मी एका दुकानातून घेतलं. तपासणी झाली काउंटरशेजारच्या खुर्चीवर, बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत असताना. अर्ध्या तासात मशीन कानात आणि पैसे गल्ल्यात. घरी आल्यावर कढईतला झारा डोक्यात वाजायचा. परत गेले तर ‘सवय होईल आजी’ एवढंच उत्तर. मशीन आठ महिने कपाटात पडून राहिलं. पुढे कळलं की ते माझ्या ऑडिओग्रामप्रमाणे लावलेलंच नव्हतं.

तेव्हा विचारायचे प्रश्न हे. घरी नेऊन वापरून बघता येईल का, किती दिवस, आणि परत केलं तर पैसे किती मिळतील? हे बिलावर लिहून घ्या. नंतरच्या प्रोग्रामिंगच्या, म्हणजे मशीन आपल्या कानाप्रमाणे जुळवून घ्यायच्या, फेऱ्यांचे पैसे यातच आहेत का? आणि मशीन कानात असताना शेजारी एक बारीक नळी घालून पडद्याजवळ आवाज किती पोचतो हे मोजणार का? ही मोजणी झाली की मशीन तुमच्या कानाच्या मापाचं बसतं. ज्याच्याकडे ही सोय आहे तिथे घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रकार थोडक्यात. कानामागे बसणारं आणि नळीने आवाज आत नेणारं; कानामागेच, पण बारीक तार आणि टोकाला छोटा स्पीकर असलेलं; आणि पूर्ण कानाच्या भोकात बसणारं. दिसू नये म्हणून सगळ्यांना तिसरं हवं असतं. पण ते इतकं छोटं असतं की सेल बदलताना थरथरत्या बोटांतून निसटतं, मळानेही लवकर बंद पडतं. बोटांना संधिवात असेल तर चार्जिंगचं, कानामागचं घ्या. दोन्ही कान कमी असतील आणि परवडत असेल तर दोन्हीकडे लावा. आवाज कुठून आला हे दोन कानांनीच कळतं, आणि रस्ता ओलांडताना त्याची गरज पडते.

किंमत काही हजारांपासून जोडीला दोन-तीन लाखांपर्यंत जाते. जास्त पैसे मुख्यतः गोंगाटातलं बोलणं वेगळं काढण्याला आणि मोबाइलशी जोडण्याला लागतात. घरात दोनच माणसं आणि बाहेर जाणं बेताचं असेल, तर मधल्या किमतीचं, पण नीट लावलेलं मशीन उत्तम काम देतं. ऑनलाइन मिळणारी दीड-दोन हजारांची ‘आवाज वाढवणारी’ यंत्रं सगळेच आवाज सरसकट वाढवतात, त्यांच्या नादी लागू नका.

मदतीच्या योजना आहेत. मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये सुरू झाली. ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर अशा उपकरणांसाठी एकदाच ३००० रुपये खात्यात देण्याची तिची तरतूद आहे. अर्ज सध्या घेतायत का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. अपंगत्वाचा दाखला मात्र दोन्ही कानांत निदान ६० डेसिबलची कमतरता असल्याशिवाय मिळत नाही. सौम्य-मध्यम वाल्यांनी त्यासाठी हेलपाटे मारू नयेत.

पहिला दिवस

मशीन घेऊन थेट लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला जाऊ नका. घरी या, दार लावा, बसा.

लाल खूण उजव्या कानाचं, निळी डाव्याचं. घालायचा क्रम आरशासमोर शिका: आधी कानामागचा भाग वर टेकवायचा, मग टोकाची रबरी टोपी, जिला डोम म्हणतात, ती भोकात हलकेच सरकवायची. दुसऱ्या हाताने कान किंचित वर-मागे ओढला की ती बसते. नीट बसली तर शिट्टी वाजत नाही. चष्मा नंतर घाला आणि काढताना आधी काढा, नाहीतर काडीबरोबर मशीन उडून जमिनीवर पडतं. मास्कच्या इलॅस्टिकचंही तसंच. पहिले चार दिवस पलंगावर बसून घाला-काढा, पडलं तरी गादीवर पडेल.

पहिला धक्का स्वतःच्या आवाजाचा असतो. रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा तो घुमतो. कान बाहेरून बंद झाल्यामुळे आवाज आतच कोंडतो. यावर मला सांगितलेला उपाय मी तुम्हालाही सांगते: रोज पंधरा मिनिटं पेपर मोठ्याने वाचा. दहा-बारा दिवसांत माझा आवाज मला ओळखीचा वाटायला लागला. तरीही घुमत राहिला तर ऑडिओलॉजिस्टला सांगा, भोकांचा डोम बसवून किंवा मोल्डला (कानाच्या मापाने बनवलेल्या साच्याला) हवेची वाट करून हे कमी करता येतं.

दुसरा धक्का घरातला. पंखा इतका घरघरतो हे मला माहीतच नव्हतं. नळाखाली ताट धरलं तर पाणी पत्र्यावर पडतंय असं वाटलं. पेपरचं पान उलटलं की फडफड, प्लॅस्टिकची पिशवी तर असह्य. तेव्हा मी एक गोष्ट केली, ती नव्या सगळ्यांना करायला सांगते. एकेका आवाजाजवळ गेले, तो कुठून येतो ते डोळ्यांनी पाहिलं आणि मनात नाव घेतलं. हा फ्रिज. हे घड्याळ. ही फोडणीतली मोहरी. मोहरी तडतडताना मी गॅसजवळ उभीच राहिले. गेली काही वर्षं मी ती फक्त बघत होते आणि कधी कधी जाळतही होते. मेंदूला आवाजाचं नाव कळलं की तो त्याला मागे सारतो. तीन आठवड्यांनी पंखा मला ऐकू येईनासा झाला, म्हणजे येत होता, पण त्याच्याकडे लक्ष जात नव्हतं.

पहिले सहा आठवडे

पहिला आठवडा: शांत घरात, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. एकाच माणसाशी, समोरासमोर, टीव्ही बंद करून बोलायचं. दमलात तर काढून ठेवा. ऐकायला कष्ट पडतात आणि संध्याकाळी डोकं जड होतं, हे खरं आहे.

दुसऱ्या आठवड्यात रोज तास-दीड तास वाढवत न्या. टीव्हीच्या बातम्या लावा, मालिका नको. मालिकेत संवादाच्या मागे सतत संगीत असतं. आवाज घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या आणि त्या आवाजात आपण ऐकायचा सराव करा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन-तीन माणसांत बसा, जिन्यात शेजारणीशी बोला, वाण्याकडे जा. पाचव्या-सहाव्यात रिक्षा, बस, देऊळ, हॉटेल. तोवर सकाळी तोंड धुतल्यावर घालायचं आणि रात्री झोपताना काढायचं इथवर आलं पाहिजे. कुणाला चार आठवडे लागतात, कुणाला चार महिने. जितकी वर्षं कमी ऐकण्यात गेली, तितका वेळ जास्त द्यावा लागतो, म्हणून ‘अजून थोडं कमी झालं की घेऊ’ असं म्हणत बसू नका.

सहनच होत नाही असं वाटलं तर कपाटात टाकू नका, वेळ कमी करा. दिवसाला तासभर का होईना, पण खाडा नको.

या काळात एक वही ठेवा. मशीनवाल्याकडे जाऊन ‘बरोबर नाही वाटत’ म्हटलं तर त्याला काहीच करता येत नाही. माझ्या वहीत असं होतं: ‘मंगळवार. स्टीलची भांडी घासताना टोचतं. हे शेजारी बसून बोलले ते कळलं, स्वयंपाकघरातून बोलले ते नाही. वाऱ्यात घों घों.’ ही वही बघून ऑडिओलॉजिस्टने वरच्या पट्टीतले अचानक येणारे आवाज दाबले, आणि पुढच्या फेरीत हळू बोलण्यासाठी थोडा आवाज वाढवला. पहिल्या दिवशी मुद्दाम गरजेपेक्षा कमी आवाज लावून पाठवतात आणि मग टप्प्याटप्प्याने वाढवतात, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या धरूनच चला. प्रत्येक वेळी घरातलं एक माणूस बरोबर न्या.

घरच्यांसाठी

हा भाग घरात मोठ्याने वाचून दाखवा.

आधी हाक मारा, आम्ही वळून बघितलं की मग बोला. उजेड तुमच्या तोंडावर असू दे, खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं की ओठ दिसत नाहीत. दुसऱ्या खोलीतून बोलू नका. अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, कुठल्याही महाग मशीनपेक्षा हे स्वस्त. ओरडू नका. ओरडलं की मशीन तो आवाज दाबतं आणि शब्द विस्कटतात. नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश बोला. तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली तर शब्द बदला: ‘किराणा आणायचाय’ कळत नसेल तर ‘वाण्याकडे जायचंय’ म्हणा.

आणि ‘जाऊ दे, काही नाही’ असं कधीही म्हणू नका. माझ्या सुनेने एकदा अगदी सहज तसं म्हटलं होतं. त्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर पुढे एक शब्द बोलले नाही. तिला वाटलं मी रागावले. रागावले नव्हते, सगळे हसत होते आणि मला त्यातलं काही सांगण्याजोगं नाही असं ठरून गेलं होतं, त्याचं वाईट वाटलं. आता ती थांबते आणि पुन्हा सांगते.

बाहेर पडल्यावर

हॉटेलात भिंतीकडे पाठ करून कोपऱ्यात बसायचा सल्ला सगळे देतात, आणि तो बऱ्यापैकी खरा आहे. पण दोन माईकची मशीनं समोरचं ऐकतात आणि मागचं दाबतात, हे लक्षात घेऊन गोंगाट पाठीशी आणि माणूस तोंडासमोर ठेवा. फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉटेलात रविवारी सकाळी कुणालाच धड ऐकू येत नाही. मैत्रिणींना भेटायचं असेल तर मधल्या वारी दुपारी तीनला भेटा. कार्यालयातल्या पंगतीत चांगलं मशीनही तोकडं पडतं, हे आधीच मान्य केलेलं बरं.

फोन कानाच्या भोकाला नाही, मशीनच्या माईकला लावायचा. कानामागचं मशीन असेल तर फोन थोडा वर, कानाच्या टोकाशी धरा, मग शिट्टी थांबते. मोबाइलला थेट जोडलं जाणारं मशीन असेल तर आवाज दोन्ही कानांत येतो, नातवाकडून ते करून घ्या. आकडा, वेळ, औषधाचा डोस फोनवर आला की तो नेहमी उलट म्हणून दाखवा: ‘सहानंतरचा सात ना?’

थंडीत पहाटे फिरायला निघताना कानटोपी घातली की माईक झाकला जातो आणि मशीन शिट्टी मारतं. स्कूटरवरचा स्कार्फ, डोक्यावरून घेतलेला पदर, शाल, सगळ्यांचं तेच. कानावरून सैल घ्या, नाहीतर तेवढा वेळ मशीन डबीत ठेवा.

गणपतीत काळजी घ्या. जुलै-ऑगस्टपासून नदीपात्रात ढोलपथकांच्या तालमी सुरू होतात, आणि विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी आवाज मोजतात तेव्हा शंभर डेसिबलच्या पुढचे आकडे येतात. एवढ्या आवाजात मशीन काढून डबीत घाला आणि कानात फोमचे बोळे घाला. उरलेलं ऐकणं जपायचं आहे. मिरवणूक मी आता गच्चीवरून, लांबून बघते.

गाणं

पुण्यात राहून हे सांगितलंच पाहिजे, कारण मी रडवेली झाले होते ती इथे. मशीन घेतल्यानंतरच्या पहिल्या डिसेंबरात सवाई गंधर्वला गेले, मुकुंदनगरला. गायकांनी षड्ज लावला आणि तो माझ्या कानात थरथरायला लागला, पाण्यात हलणाऱ्या सावलीसारखा. तानपुरा मधूनच तुटत होता. मला वाटलं, गाणं आता संपलं आपल्यासाठी.

कारण साधं निघालं. मशीन स्वतःची शिट्टी ओळखून दाबायचा प्रयत्न करत असतं, आणि लांब, स्थिर सूर त्याला शिट्टीसारखाच वाटतो. त्यात गोंगाट कमी करणारी सोय तानपुऱ्याला पंखा समजते. मशीन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं आहे. ऑडिओलॉजिस्टला सांगून संगीताचा वेगळा प्रोग्राम टाकून घ्या. त्यात या दोन्ही सोयी बंद किंवा अगदी कमी ठेवतात आणि लहान-मोठ्या आवाजातला फरक फारसा दाबत नाहीत. मी माझ्या आवडीच्या यमनचं रेकॉर्डिंग मोबाइलवर नेलं, तिथे बसून ऐकलं आणि तीनदा बदल करून घेतले. तरुणपणी ऐकलेला तो सूर हुबेहूब परत आलेला नाही. पण बोट ठेवावं तसा स्थिर आहे, आणि मींड कळते. मैफलीत स्पीकरसमोर बसू नका, मधल्या रांगेत बसा.

निगा

रोज रात्री कोरड्या, मऊ कापडाने पुसायचं, डोमवरचा मळ सोबत आलेल्या ब्रशने झाडायचा. ब्रश करताना मशीनचं तोंड खाली धरा म्हणजे मळ आत न जाता बाहेर पडतो. पाणी, स्पिरिट काही लावायचं नाही. आंघोळ, डोक्याला तेल, मेंदी, पावडर हे सगळं उरकल्यावर, केस वाळल्यावर मशीन घाला. एमआरआयच्या खोलीत जाताना आठवणीने काढा.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा दमट, त्यात घाम. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. जेलच्या मण्यांचा रंग बदलला की ते ओलावा शोषून भरले असं समजा. पर्समध्ये एक छोटी झिपची पिशवी असू द्या; पाऊस आला की मशीन काढून त्यात.

सेलच्या पाकिटाचे रंग ठरलेले आहेत: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. स्टिकर काढल्यावर मिनिटभर तसाच ठेवून मग बसवा, हवा लागल्याशिवाय तो चालू होत नाही. झोपताना सेलचं दार उघडं ठेवा. सुटे सेल नाण्यांबरोबर ठेवू नका. आणि गोळ्यांच्या डबीजवळ तर अजिबात नको. अंधारात सेल गोळी समजून गिळण्याचे प्रकार घडतात. गिळला, किंवा घरातल्या लहान मुलाने तोंडात घातला, तर वाट न बघता थेट इस्पितळ गाठा.

मशीन बंद वाटलं तर घाबरण्याआधी क्रमाने बघा: सेल संपला का, उलटा बसला का, टोकाची मळ अडवणारी जाळी बुजली का, आवाज चुकून कमी झाला का. दहापैकी आठ वेळा यातच सापडतं असा माझा अनुभव. शिट्टी वाजत असेल तर डोम नीट बसला नाही, सैल झाला किंवा कानात मळ साठला.

सकाळी मशीन घातलं की मी ह्यांना पाठीमागे हातभर अंतरावर उभं करते आणि ते एकेक आवाज म्हणतात: आ, ई, ऊ, म, श, स. सगळे परत म्हणता आले तर मशीन ठीक. ‘स’ गळला तर जाळी साफ करायची. ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते.

वर्षातून एकदा ऑडिओग्राम पुन्हा काढा आणि जुना बरोबर न्या, रेघ सरकली असेल तर मशीन त्याप्रमाणे लावून घ्यावं लागतं. नळी असलेलं मशीन असेल तर ती नळी दर काही महिन्यांनी कडक होते, बदलून घ्या. साधारण पाच वर्षांनी मशीन म्हातारं होतं, त्यासाठी आतापासून महिन्याला थोडे बाजूला टाकत राहा. मी पोस्टात त्यासाठी आवर्ती ठेव उघडली आहे.